कॉलर आणि किल्ली

गाव माणदेशाच्या कडेचं, तालुक्याचं. पाऊस बेताचा. ज्वारी-बाजरीचा आणि अलीकडे डाळिंबाचा मुलूख. गुरुवारी इथे मोठा बाजार भरतो आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं पहाटेपासून यायला लागतात. बाजारतळाच्या एका अंगाला धान्याची शेड, दुसऱ्या अंगाला मटण मार्केट आणि मधल्या उघड्या जागेत ओळीनं पोती अंथरून बसलेल्या भाजीवाल्या बायका.

या गावात रोटरी क्लब आहे. सभासद चाळीसच्या आसपास. डॉक्टर, वकील, सराफ, बांधकामवाले, दोन-तीन बागायतदार, एक निवृत्त मुख्याध्यापक. क्लबनं केलेली कामं गावात जागोजागी दिसतात. एसटी स्टँडवर पाण्याचा कूलर, तहसील कचेरीसमोर बाकडी, मुलींच्या शाळेत शिलाई मशीन, स्मशानभूमीत शेड. प्रत्येक ठिकाणी निळी-पिवळी पाटी, पाटीवर चाकाचं चिन्ह, खाली साल आणि त्या सालच्या अध्यक्षांचं नाव.

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्षाला मिळतं ते एवढंच. पदग्रहण समारंभात गळ्यात कॉलर पडते, बारा महिन्यांनी ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्यामुळे आपल्या वर्षाची एखादी खूण मागे राहावी असं प्रत्येकाला वाटतं. या वाटण्यात वाईट काही नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांतल्या शाळाखोल्या, रक्तपेढ्या आणि मोतीबिंदूची शिबिरं याच इच्छेतून उभी राहिली आहेत. पण त्या इच्छेची एक दुसरी बाजूही आहे, आणि ही गोष्ट तिचीच आहे.

क्लबचं पंचविसावं वर्ष आलं, तेव्हा अध्यक्षपद आलं ते कृषी सेवा केंद्राच्या मालकांकडे. सगळा गाव त्यांना दादा म्हणतो. माणूस सरळ, हाताचा सढळ, उधारीवर बियाणं देऊन सुगीपर्यंत थांबणारा. रौप्यमहोत्सवी वर्षात मुख्य चौकात घड्याळाचा मनोरा उभा करायचा, चारी दिशांना चार घड्याळं, रात्री दिवे, असं त्यांनी ठरवलं. बांधकामवाल्या सभासदानं नकाशा काढून दिला. सराफांनी एकट्यानं दोन लाख देऊ केले. बघता बघता सहा लाख जमले. उद्घाटनाला रोटरीच्या प्रांतपालांना बोलवायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

त्यासाठी बोर्ड मीटिंग बसली. क्लबच्या सचिव असलेल्या डॉक्टरताई दवाखाना आटपून उशिरा आल्या. नकाशा टेबलावर पसरलेला होता. त्यांनी तो पाहिला, छान आहे म्हणाल्या आणि मग जरा थांबून म्हणाल्या, “दादा, आज ओपीडीत या महिन्यातली तिसरी बाई आली. तिघीही भाजी विकणाऱ्या. ताप, ओटीपोटात कळ, लघवीला जळजळ. मी औषध लिहून दिलं आणि भरपूर पाणी पीत जा म्हणून सांगितलं. तर ती हसली. म्हणाली, ‘बाई, गुरुवार सोडून पिते.’”

कुणी काही बोललं नाही.

“मला एवढंच विचारायचंय,” ताई म्हणाल्या, “बाजाराच्या दिवशी या बायका जातात कुठं?”

टेबलाभोवती बसलेले सगळे लहानपणापासून त्या बाजारात जाणारे. बहुतेकांनी जन्मभर तिथली भाजी खाल्लेली. पण या प्रश्नाचं उत्तर एकालाही देता आलं नाही. शेवटी वकीलसाहेब म्हणाले, “ते काम नगरपंचायतीचं आहे.” सराफ म्हणाले, “आणि ताई, मुतारीच्या उद्घाटनाला प्रांतपालांना बोलवायचं का आपण?”

तेव्हा कोपऱ्यात बसलेले गुरुजी बोलले. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, क्लबचे स्थापनेपासूनचे सभासद. रोटरीचा इतिहास त्यांना तोंडपाठ.

“बोलवायला हरकत नसावी,” ते म्हणाले. “रोटरीनं जगात पहिलं सार्वजनिक काम केलं ते हेच.”

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील आणि त्याचे तीन मित्र एका कचेरीत जमले. एक खाणींचा इंजिनिअर, एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी. मोठ्या शहरात एकटं पडलेल्या धंदेवाल्यांनी एकमेकांना धरून राहावं, एवढाच हेतू होता. पाळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत बैठक व्हायची, म्हणून नाव पडलं रोटरी. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की नुसतं एकमेकांना भेटत राहून भागणार नाही. १९०७ मध्ये क्लबनं शहराच्या मध्यवस्तीत सार्वजनिक स्वच्छतागृह बांधून घ्यायचं मनावर घेतलं.

“आणि विरोध कुणी केला माहितीये?” गुरुजी म्हणाले. “बिअर बनवणाऱ्यांच्या संघटनेनं आणि मोठ्या दुकानदारांनी. बिअरवाल्यांचं म्हणणं, आमच्या गुत्त्यांमध्ये पुरुषांची सोय आहेच. दुकानदारांचं म्हणणं, आमच्या दुकानांत बायकांची सोय आहेच. रोटरीवाले म्हणाले, लघवीला जायचं म्हणून पुरुषानं बिअर विकत घ्यावी आणि बाईनं कापड विकत घ्यावं, हा कुठला न्याय? दोन वर्षं झगडले, शहराच्या कारभाऱ्यांना पटवलं, आणि सिटी हॉलजवळ, वॉशिंग्टन आणि लासाल रस्त्यांच्या कोपऱ्यावर ते स्वच्छतागृह उभं राहिलं.”

दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. “गुरुजी, ते शिकागो आहे. पैसे लोकांनी घड्याळासाठी दिलेत.”

ताई म्हणाल्या, “पुण्याचं सांगू? ‘मिळून साऱ्याजणी’ या संस्थेनं मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०१५ मध्ये कोर्टानं महानगरपालिकांना बजावलं, की रस्त्यावर, बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृहं करणं ही तुमची जबाबदारी आहे. तो आदेश शहरांसाठी होता. पण लघवी काय शहर बघून लागते?”

त्या रात्री काही ठरलं नाही. ठरलं एवढंच, की येत्या गुरुवारी दादांनी बाजारात यायचं. ताईंची अट एकच होती. दहा मिनिटांची पाहणी चालणार नाही. पहाटे बायका येतात तेव्हा यायचं आणि त्या उठतात तेव्हा उठायचं. दादा हो म्हणाले. दिलेला शब्द मागे घेणाऱ्यांतले ते नव्हते.

एप्रिलचा महिना होता. पहाटे पाचला दादा, ताई आणि गुरुजी बाजारतळावर पोचले, तेव्हा वडाप जीपगाड्या आणि टेम्पो येऊन लागत होते. टपावरून मेथीचे भारे, शेपूच्या पेंढ्या, वांग्यांची पोती खाली पडत होती. मागोमाग बायका उतरत होत्या. कुणी तीनला उठली होती, कुणी दोनला. भाकरी बांधून, गुरांचं आवरून, पोरांना सासूच्या हवाली करून आलेल्या.

दादांना सगळ्या ओळखत होत्या. त्यांच्या दुकानातलं बियाणं यांच्याच वावरात पडलेलं. ओळीच्या मध्यावर बसणाऱ्या, साठीच्या आसपासच्या आक्कांनी त्यांना बसायला रिकामं खोकं दिलं. सहा वाजता नगरपंचायतीचा माणूस आला आणि एकेकीची बाजारपट्टीची पावती फाडून पुढे गेला. आक्कांनी कमरेच्या पिशवीतून पैसे काढून दिले आणि पावती पदराच्या गाठीत बांधली.

आठ वाजता दादांनी हॉटेलातल्या पोराला हाक मारली आणि सगळ्या ओळीला चहा सांगितला. पोरगं थाळ्यात वीस-पंचवीस कप घेऊन आलं. पहिली बाई म्हणाली, “नगं.” दुसरीनं मान हलवली. तिसरीनं कप घेतला आणि शेजारच्या पोराला दिला. असं करत करत अख्खी ओळ संपली आणि थाळा जवळजवळ भरलेलाच परत आला.

दादांना ते लागलं. आपल्या गावात आलेल्या माणसानं आपला चहा परतवावा, ही त्यांच्या लेखी मोठी गोष्ट होती. “आक्का, माझ्यावर राग हाय का तुमचा?”

“राग कशाचा, दादा? तुमी द्येवमानूस.” आक्का पेंढ्या रचत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “च्या घेतला की पंचाईत हुती. आमी बाजारच्या दिशी च्या घेत न्हाई. पानीबी न्हाई.”

“दिवसभर?”

“दिस मावळंपतुर. मंग घरी गेलं की तांब्याच लावायचा तोंडाला.”

ऊन चढत गेलं. दुपारी एकला जमिनीवर पाय ठेववत नव्हता. दादांनी आक्कांच्या मागे ठेवलेली पाण्याची बाटली पाहिली. सकाळी होती तेवढीच भरलेली. त्या पाण्याचा हबका मारून आक्का मेथी ओली ठेवत होत्या. भाजीला पाणी मिळत होतं.

तेवढ्यात ओळीच्या टोकाला बसलेली एक तरुण पोर उठली. पोटुशी होती, सहावा-सातवा महिना असेल. तिनं शेजारणीला काहीतरी सांगितलं. शेजारीण उठली, तिच्या जागेवर दुसरी सरकून बसली आणि त्या दोघी धान्याच्या शेडमागे नाहीशा झाल्या. अर्ध्या तासानं परत आल्या. ताईंनी विचारलं तेव्हा शेजारणीनं सांगितलं, की शेडमागं माणसं होती म्हणून ओढ्यापर्यंत जावं लागलं. तिथंही एकीनं लुगडं धरून उभं राहायचं आणि दुसरीनं बसायचं. स्टँडवर पैसे देऊन जायची सोय आहे, पण ती लांब. तिथं बाप्यांना फुकट आणि बायकांना दर वेळी पैसे. शिवाय तेवढ्या वेळात जनावरं भाजीत तोंड घालतात.

दादांनी टोपी काढून हातात घेतली. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “आक्का, एवढ्या वर्षांत कुनाला सांगितलं का न्हाई?”

आक्कांनी पहिल्यांदा मान वर केली. “सांगाय कशाला पायजे? तुमच्याच लोकांनी बांदलंय की. त्ये बगा, मटन मार्केटच्या मागं. जावा, बोर्ड वाचा.”

तिघं उठून गेले. मटण मार्केटच्या भिंतीला लागून, फळवाल्याच्या रिकाम्या क्रेटच्या ढिगाऱ्याआड, पत्र्याचं छत असलेली दोन खोल्यांची एक बांधीव इमारत होती. दाराला कुलूप. कुलूप इतकं गंजलेलं, की किल्ली असती तरी फिरली नसती. क्रेट बाजूला केल्यावर निळी-पिवळी पाटी दिसली. ‘महिला स्वच्छतागृह’. चाकाचं चिन्ह. अकरा वर्षांपूर्वीचं साल. आणि त्या सालच्या अध्यक्षांचं नाव.

ते नाव गुरुजींचं होतं.

गुरुजी पाटीसमोर उभे राहिले. मग त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं, कुणी विचारायच्या आत. आपल्या वर्षात मोठ्या हौसेनं त्यांनी हे बांधून घेतलं होतं. उद्घाटनाला शिकागोची हीच गोष्ट सांगितली होती. त्या दिवशी पाणी होतं, ते टँकरचं. नळजोडाचा अर्ज दिलेला होता, तो पुढच्या वर्षात मंजूर होणार होता. पुढच्या अध्यक्षांनी नेत्रशिबिर घेतलं, त्याच्या पुढच्यांनी झाडं लावली. नळजोडाच्या कागदाचा पाठपुरावा कुणाच्याच वर्षात बसला नाही. किल्ली बाजार वसुलीच्या कारकुनाकडे होती. त्याची बदली झाली.

“मी इथून शंभर पावलांवर राहतो,” गुरुजी म्हणाले. “दर गुरुवारी भाजी न्यायला येतो. एकदाही दार ढकलून पाहिलं नाही. बांधलं, म्हणजे झालं असं धरून चाललो.”

या प्रसंगात खलनायक कुणी नाही, हे लक्षात घ्यायला हवं. नेत्रशिबिरानं कितीतरी म्हाताऱ्यांना दिसायला लागलं, झाडांपैकी निम्मी जगली. प्रत्येक अध्यक्षानं आपलं वर्ष चांगलंच केलं होतं. फक्त एकाचं वर्ष संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, त्या सांध्यात हे स्वच्छतागृह पडलं आणि तिथंच राहिलं. आपल्याकडच्या सेवाभावी संस्थांची किती कामं अशा सांध्यात पडून असतील! गणपती मंडळांचे वॉटर फिल्टर, महिला मंडळांची वाचनालयं, माजी विद्यार्थ्यांनी शाळेला दिलेले संगणक. देणाऱ्याचा फोटो निघतो तिथवर सगळं नीट असतं.

पुढची मीटिंग वादळी झाली. दादांनी मनोऱ्याचा विषय मागे घेऊन जुनं स्वच्छतागृह चालू करायचा ठराव मांडला. सराफ उठून उभे राहिले. त्यांचा सवाल रास्त होता. “रौप्यमहोत्सव आहे. पंचवीस वर्षांनी आपण गावाला काय दिलं, तर जुन्या संडासाची दुरुस्ती? नवीन काय?”

उत्तर द्यायला गुरुजी उठले. त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. “शेठ, पोलिओचं आठवा. रोटरीनं १९८५ मध्ये पोलिओ हटवायचा संकल्प जगभर घेतला. आपला क्लब स्थापन झाला तेव्हापासून आपण पल्स पोलिओच्या बूथवर बसतोय. दरवेळी तेच. तेच दोन थेंब, तीच बर्फाची पेटी, बोटाला तीच शाई. एकाही अध्यक्षानं म्हटलं नाही, की मागच्या वर्षी दिले होते, यंदा नवीन काहीतरी करू. सरकार, आरोग्य सेविका, आशाताई आणि आपण, सगळे तेच तेच करत राहिलो. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला, ती एक लहान मुलगी होती. तीन वर्षं एकही नवा रुग्ण निघाला नाही, तेव्हा २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेनं आपला सगळा भाग पोलिओमुक्त ठरवला. आणि बूथ अजूनही लागतातच. आपल्या संघटनेचं सगळ्यांत मोठं काम कोणतं म्हणून कुणी विचारलं, तर आपण हेच सांगतो ना? यात नवीन काय आहे, सांगा.”

सराफ खाली बसले. जरा वेळानं म्हणाले, “माझे दोन लाख परत मागत नाही. पण पाण्याची हमी कोण देणार, ते आधी ठरवा. पुन्हा कुलूप लागलं तर ती माझ्याही पैशाची लाज आहे.” मीटिंगमधलं सगळ्यांत कामाचं वाक्य तेच ठरलं.

या वेळी नकाशा काढायच्या आधी ताईंनी बायकांना बोलावलं. नव्हे, ताईच बाजारात जाऊन ओळीत बसल्या. बांधकामवाले सभासद वही घेऊन शेजारी. बायकांनी जे सांगितलं, त्यातलं निम्मं या दोघांच्या कधी डोक्यात आलं नसतं. दार मटण मार्केटच्या बाजूला नको, तिथं बापे बसलेले असतात. धान्याच्या शेडच्या बाजूनं करा. कडी आतून हवी आणि घट्ट हवी. पैशाची पिशवी अडकवायला खुंटी हवी, ती भुईवर ठेवता येत नाही. पाळीच्या कापडासाठी झाकणाचा डबा हवा. वर दिवा हवा, पहाटे आणि संध्याकाळी अंधार असतो. पोटुशा आणि म्हाताऱ्या बायकांसाठी एक तरी भांडं बसायचं हवं, उकिडवं बसवत नाही. टाइल्सचं कुणी काही बोललं नाही. आरशाचंही नाही.

आणि आक्का म्हणाल्या, “आमच्यातलीच एक बाई ठिवा तिथं. पगार द्या तिला. बाप्या ठिवला तर कुनी जायाची न्हाई.”

शिकागोप्रमाणे इथेही विरोध झाला, पण लहान. फळवाल्याची क्रेट ठेवायची जागा जाणार होती. त्याला शेडच्या मागची जागा मिळवून दिल्यावर तो गप्प झाला. नगरपंचायतीत मात्र दादांना हेलपाटे घालावे लागले. मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, इमारत तुमची की आमची? कागदच नव्हता. अकरा वर्षांपूर्वी हस्तांतरण झालंच नव्हतं. वकीलसाहेबांनी या वेळी करारनामा केला. इमारत आणि पाणी नगरपंचायतीचं, देखभाल आणि माणूस क्लबचा, आणि बायकांकडून एक पैसाही घ्यायचा नाही. बाजारपट्टीच्या पावत्या त्यांनी करारनाम्याला जोडल्या. ज्या बाईकडून जागेचे पैसे घेता तिला दिवसभर बसण्यापुरती सोय देणं ही मेहेरबानी नव्हे, हे त्यांनी मुख्याधिकाऱ्यांना इतक्या नम्रपणे आणि इतक्या वेळा सांगितलं, की नळजोड एका महिन्यात मिळाला.

पैशांचा हिशेबही इथे द्यायला हवा, कारण खरी गोष्ट त्यात आहे. दुरुस्ती, नवी दारं, पाण्याची टाकी, दिवे, मैलाटाकीची साफसफाई असं सगळं मिळून दोन लाख लागले. उरलेले चार लाख खर्च करायचे नाहीत, असा ठराव झाला. ते बँकेत मुदत ठेवीत ठेवले. सात टक्क्यांनी वर्षाला अठ्ठावीस हजार व्याज येतं. वर्षाचे बावन्न गुरुवार, दर गुरुवारी राखणीच्या बाईला पाचशे रुपये, म्हणजे सव्वीस हजार. उरलेल्या दोन हजारांत फिनेल, झाडू, बल्ब. मूळ रकमेला हात लावायचा असेल तर तीन माजी अध्यक्षांच्या सह्या लागतात. ही अट सराफांनी घातली.

पाटीचा प्रश्न शेवटी आला. जुनी पाटी काढायची की पुसून नवीन रंगवायची? गुरुजी म्हणाले, माझं नाव काढा. दादा म्हणाले, माझं घालू नका. मग पाटीवर लिहायचं काय, याचं उत्तर आक्कांनी दिलं. “नाव घालून आमास्नी काय करायचं? पानी न्हाई आलं तर कुनाला सांगायचं, ते लिवा.”

म्हणून पाटीवर आता ठळक अक्षरांत एवढंच आहे: ‘पाणी नसेल, दिवा नसेल किंवा कुलूप असेल, तर या नंबरवर फोन करा.’ खाली चालू अध्यक्षांचा मोबाइल नंबर. दर वर्षी १ जुलैला तो पुसून नवा रंगवायचा.

रौप्यमहोत्सवी समारंभ झाला. प्रांतपाल आले. त्यांना बाजारतळावर नेलं, तेव्हा फीत नव्हती, कारण स्वच्छतागृह त्याआधी चार गुरुवार चालू झालेलं होतं. चालतंय की नाही हे बघितल्याशिवाय पाहुणे बोलवायचे नाहीत, असं दादांनी ठरवलं होतं. राखणीच्या बाईनं वही दाखवली. तिला लिहिता येत नाही, म्हणून ती प्रत्येक बाईमागे एक रेघ ओढते. पानंच्या पानं रेघांनी भरली होती. प्रांतपालांनी त्या दिवशी भाषण फार थोडक्यात केलं.

३० जूनला दादांचं वर्ष संपलं. पुढच्या अध्यक्ष डॉक्टरताई झाल्या. १९०७ मध्ये शिकागोच्या ज्या क्लबनं बायकांच्याही सोयीसाठी झगडा केला, त्यात एकही बाई सभासद नव्हती. रोटरीनं जगभर स्त्रियांना दार उघडलं ते १९८९ मध्ये. पदग्रहणाच्या व्यासपीठावर दादांनी स्वतःच्या गळ्यातली कॉलर काढून ताईंच्या गळ्यात घातली आणि मग खिशातून एक किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. कार्यक्रमपत्रिकेत ते छापलेलं नव्हतं. आता छापतात.

ताईंच्या वर्षातल्या दुसऱ्याच गुरुवारी पहाटे साडेपाचला त्यांचा फोन वाजला. मोटर जळाली होती आणि टाकी रिकामी होती. ताईंनी टँकर पाठवला, आठ वाजता दवाखाना सोडून स्वतः जाऊन आल्या, दुपारपर्यंत मोटर दुरुस्त झाली. त्या वर्षात असे बरेच फोन आले. कडी मोडली, बल्ब गेला, बादली कुणी नेली. प्रत्येक फोनची नोंद क्लबच्या मासिक बैठकीत पहिल्या विषयाला वाचली जाते. नव्या प्रकल्पांची चर्चा त्यानंतर.

त्याच वर्षी क्लबनं आणखी एक काम हाती घेतलं. पंचवीस वर्षांत लावलेल्या सगळ्या पाट्यांची यादी केली आणि एकेक सभासदाला एकेक पाटी वाटून दिली. एसटी स्टँडवरचा कूलर तीन वर्षं बंद होता. तो सराफांच्या वाट्याला आला, आणि आता त्यांच्या दुकानातला पोऱ्या रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्या कूलरचं पाणी पिऊन येतो. शिलाई मशीनपैकी दोनच चालू निघाली. बाकीची बांधकामवाल्यांनी पदरच्या पैशानं दुरुस्त करून दिली.

सध्या तिसरे अध्यक्ष आहेत. पाटीवरचा नंबर दोनदा बदलला. ठेव शाबूत आहे. गुरुवारी पहाटे पाचला कुलूप निघतं, रात्री आठला लागतं. दादा अजून महिन्यातून एकदा बाजारात जाऊन ओळीला चहा सांगतात आणि थाळा रिकामा परत जातो.

वाचकहो, तुमच्या क्लबची, मंडळाची, ट्रस्टची, नाहीतर तुमच्या वडिलांच्या नावाची एखादी पाटी गावात असेल. या आठवड्यात तिथवर जाऊन या. पाटीखालचा नळ फिरवून बघा, आणि पाणी आलं नाही, तर तिथूनच प्लंबरला फोन लावा.